दीड गोळी

गुंड्याच्या पोटात जंत झाल्याचा शोध माझ्या आईने लावला, आणि तोही भातावरून. जानेवारीतली सकाळ होती. ती म्हणाली, "अरे, या गुंड्याला भात खाल्ल्यावर पुसत जा जरा. शेपटीखाली शितं चिकटलीत."

कुत्रा भात तोंडाने खातो आणि शितं शेपटीखाली चिकटतात, यात काहीतरी चुकतंय, हे माझ्या लगेच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी चष्मा लावला, फडकं घेतलं आणि खाली वाकलो. तेवढ्यात त्यातलं एक शीत चालू लागलं.

त्या दिवशी आमच्या घरात वरणभाताला कोणी हात लावला नाही. पुढचा आठवडाभर सगळे पोळीच खात होते.

गुंड्या आमच्याकडे आला तो पावसाळ्यात, सोसायटीच्या पार्किंगमधून. त्याचे आईवडील नौपाड्याच्या रस्त्यांवर कुठेतरी नांदत असावेत. पिल्लू होता तेव्हा त्याला जंताचं पातळ औषध असायचं. दर पंधरा दिवसांनी सिरिंजने गालात सोडलं की तो मिटक्या मारत प्यायचा. पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच मिळालेले असतात, तिच्या दुधातूनही येतात, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. आम्हीही त्यात विशेष काही मानलं नाही. वारसाहक्काने कोणाला काय मिळेल ते थोडंच आपल्या हातात असतं! पण पुढे गुंड्या मोठा झाला, त्याच्या लशींची फाईल झाली, फाईलवर त्याच्या नावापुढे आमचं आडनाव लागलं, आणि जंत हा विषय आम्ही संपला असं धरून चाललो. जंतांनी तसं धरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी फडक्यातलं शीत एका नजरेत ओळखलं. "पट्टकृमी. हा अख्खा जंत नव्हे, त्याचा एक डबा. मालगाडी समजा. इंजिन आत आतड्याला घट्ट धरून बसलेलं असतं, आणि मागचे डबे एकेक करून सुटत जातात. प्रत्येक डब्यात अंडी भरलेली."

ठाण्याच्या माणसाला कुठलीही गोष्ट रेल्वेच्या भाषेत सांगितली की पटते. "पण गाडी आत शिरली कुठून?" मी विचारलं.

"पिसवांमधून. पिसू चावली की हा दातांनी अंग खाजवतो, खाजवताना पिसू गिळतो, आणि पिसवेच्या पोटात जंताचं पिल्लू असतं. त्यामुळे नुसती गोळी देऊन भागणार नाही. पिसवाही घालवा, नाहीतर पुढची गाडी लागलेलीच आहे."

आईने तिथेच आपला बटवा उघडला. वावडिंग चालेल का? ओवा? पळसपापडी? निदान लसणाची एक पाकळी? डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "आजी, वावडिंग तुमच्या नातीला दिलंत तेवढं पुरे. आणि याला लसूण अजिबात नको, कांदाही नको. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात." आईने बटवा मिटला, पण मनातून काही ती मिटली नाही. रिक्षात ती म्हणाली, "तुला लहानपणी दर रविवारी एरंडेल देत होते. नाक दाबायचं की तोंड उघडतं. यात डॉक्टरकी कसली?"

डॉक्टरकी आम्ही नुकतीच बघितली होती. डॉक्टरांनी गुंड्याच्या वरच्या जबड्याला एका हाताने धरलं, मान किंचित वर केली, दुसऱ्या हाताने गोळी जिभेच्या पार मागे ठेवली, तोंड मिटलं आणि गळ्यावरून दोनदा बोट फिरवलं. चार सेकंद. गुंड्याला काय झालं ते कळायच्या आत झालेलं होतं. "बघितलंत ना? आता दर तीन महिन्यांनी घरी द्या." मी मान डोलावली. पोहण्याच्या पुस्तकातली चित्रं बघून माणूस डोलावतो तशी.

एप्रिल उजाडला. गोळ्या आणून ठेवल्या होत्या. मात्रा वजनावर होती, दहा किलोला एक गोळी. म्हणजे आधी गुंड्याचं वजन हवं. गुंड्या वजनकाट्यावर पुढचे दोन पाय ठेवतो आणि मागचे दोन जमिनीवर. त्या हिशेबाने तो साडेसहा किलोचा होता. दवाखान्यात फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "त्यात काय सर, त्याला उचलून तुम्ही काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा."

वजाबाकी सोपी असते. ती चारचौघांत करणं सोपं नसतं. बायको वही घेऊन उभी राहिली, मुलगी काट्यावर वाकली. "बाबा आणि गुंड्या, नव्व्याण्णव पॉइंट आठ." मी गुंड्याला खाली ठेवलं आणि काट्यावरून उतरलो. "आता एकटे," बायको म्हणाली. मी म्हटलं, माझं वजन मला माहीत आहे, अठ्ठ्याहत्तर लिही. ती म्हणाली, "मग कुत्रा एकवीस पॉइंट आठचा होतो. दोन गोळ्या आणि वर थोडी. जास्त औषध पडलं तर कोण जबाबदार?" आता मुक्या जिवाच्या आरोग्यापुढे माणसाने स्वतःची लाज किती धरायची? मी काट्यावर चढलो. चौऱ्याऐंशी पॉइंट सहा. गुंड्या १५.२ निघाला, त्याला दीड गोळी ठरली. मला त्या दिवसापासून तूप बंद ठरलं.

ते माझं वाचलेलं तूप गुंड्याच्या गोळीला लागलं. पोळीचा तुकडा, त्यात गूळ, गुळात गोळी, वरून तूप. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मीही धावलो. फरक एवढाच की नामदेवांच्या तुपात काही लपवलेलं नव्हतं, आणि हा फरक कुत्र्याला कळतो. गुंड्याने पोळी खाल्ली, गूळ खाल्ला, फरशीवर पडलेलं तूप चाटलं. शेवटी फरशीच्या मधोमध गोळी उरली. अशी स्वच्छ की परत पाकिटात घालता आली असती.

कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींच्या पुढे असतात. माणसाकडे त्या साधारण पन्नास-साठ लाख, आणि त्यातल्या माझ्या निम्म्या सर्दीने कायमच्या रजेवर. अशा फौजेपुढे मी गुळाचा पडदा लावत होतो. त्यातून ती अर्धी गोळी! अख्ख्या गोळीला निदान गुळगुळीत अंग असतं. अर्धीची मोडलेली बाजू उघडी पडते, आणि पट्टकृमीवरचं औषध मुळातच कडूजहर. गोळी चुरून दह्यात कालवली तर कडवटपणा सगळ्या दह्याला लागतो. हे मी चाखून सांगतोय. कृपया कारण विचारू नये.

मुलगी सातवीत आहे. तिला या सगळ्याची गंमत वाटत होती. "आम्हाला शाळेत फेब्रुवारीत देतात जंताची गोळी. सगळा वर्ग रांगेत उभं राहून चावून खातो. कोणी बाईंच्या मागे तूप घेऊन धावत नाही." मुलीचं म्हणणं खरं होतं. दरवर्षी १० फेब्रुवारीला देशभर १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी देतात. २०१५ साली हा राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. त्याच वर्षी जंतांवरच्या औषधाला नोबेलही मिळालं. जपानच्या सातोशी ओमुरांनी एका गोल्फच्या मैदानाजवळची माती उचलली, तिच्यातल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्पबेल यांनी गोलकृमींवरचं औषध पुढे आणलं. एकूण २०१५ हे वर्ष जंतांना फार वाईट गेलं. पण मातीतून औषध काढणाऱ्याला नोबेल आहे, ते औषध कुत्र्याच्या पोटात घालणाऱ्याला अजून साधा रोटरीचा सत्कारही नाही. यातलं कठीण काम कुठलं, हे समितीने एकदा नौपाड्यात येऊन बघावं.

मग मुलीनेच युक्ती काढली. तीन घास करायचे. पहिला नुसता, म्हणजे विश्वास बसतो. दुसऱ्यात गोळी. तिसरा नुसता, पण तो दुसरा देतानाच डोळ्यांसमोर धरायचा, म्हणजे घाईत दुसरा गिळला जातो. घास केले पेढ्यांचे. गुंड्याने पहिला खाल्ला. दुसरा तोंडात घेतला. तिसऱ्याकडे बघितलं, दुसरा गालात सारला, तिसरा खाल्ला आणि तोंड मिटून दिवाणखान्यातून चालता झाला. पाच मिनिटांनी बघितलं तर फरशीवर काही नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ध्या गोळीलाही हेच. बायकोने वहीत लिहिलं, 'एप्रिल, दीड, पेढ्यातून. यशस्वी.' उरलेले पेढे आम्ही वाटून खाल्ले. म्हणजे त्यांनी. मी वजाबाकीत होतो.

या सुमारास सोसायटीत मला तज्ज्ञ समजायला लागले. कोणाचा कुत्रा बूड जमिनीवर घासत चालला की लोक म्हणायचे, जंत! मी मान हलवून सांगायचो, नाही, बरेचदा शेपटीखालच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात, डॉक्टरांना दाखवा. बागेत वाळूत खेळणाऱ्या मुलांच्या आयांना सांगायचो, हात धुवा, गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कुत्र्याची घाण उचलायला पिशवी न आणणाऱ्या एका काकांना तर मी अंड्यांचं असं वर्णन ऐकवलं, की ते दुसऱ्या दिवसापासून दोन पिशव्या आणू लागले. माझं बोलणं लोक ऐकत होते, आणि गुंड्या शेजारी बसून माझ्याकडे बघत असायचा. मला वाटायचं, कौतुकाने.

जुलैत पेढा चालला नाही. पेढ्याचा डबा उघडला, तसा गुंड्या उठून पलंगाखाली गेला. मग मी डॉक्टरी पद्धतीवर आलो. वरचा जबडा धरायचा. इथपर्यंत मी डॉक्टरांइतकाच चांगला आहे. मान वर. तोंड उघडेना. आई म्हणाली, "नाक दाब." मी नाक दाबलं. नाक दाबल्यावर तोंड उघडतं ही म्हण माणसांवरून आलेली आहे. कुत्र्याचं नाक दाबलं की कुत्रा आपल्याकडे असा बघतो की आपणच नाक सोडतो. चौथ्या खेपेला तोंड उघडलं, गोळी मागे गेली, मी तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवू लागलो. दवाखान्यातल्या मुलीने फोनवर सांगून ठेवलं होतं, त्याने नाकावर जीभ फिरवली की समजा गिळली.

आम्ही चौघंजण त्याच्या नाकाकडे डोळे लावून बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. गुंड्याने एकेकाचा चेहरा नीट बघून घेतला आणि नाकावर सावकाश जीभ फिरवली. टाळ्या! 'जुलै, दीड, हाताने. यशस्वी.' या नोंदीखाली बायकोने माझ्या नावाची सही घेतली, कारण श्रेय माझं होतं.

दिवाळीच्या आधीची साफसफाई आमच्याकडे दिवाण सरकवल्याशिवाय पुरी होत नाही. मदतीला हिरामावशी होत्या. चेंदणी कोळीवाड्यातून त्या गेली अकरा वर्षं आमच्याकडे येतात. आईला घरात मासळीचं नाव काढलेलं चालत नाही, आणि मावशींना मासळीशिवाय दुसरं काही जेवण वाटत नाही. तरी दोघींचं उत्तम जमतं, ते या एका विषयावर गप्प राहण्याच्या करारावर. दिवाण सरकला. मागे भिंतीच्या कोपऱ्यात एक क्लिप, दोन पेनांची टोपणं, एक रुपयाचं नाणं, आणि गोळ्या. दोन अख्ख्या, दोन अर्ध्या. एप्रिलच्या आणि जुलैच्या. हिशेब चोख होता. चारांतली एकही कमी नव्हती.

बायकोने वही आणली. 'यशस्वी' या शब्दावर आम्ही बराच वेळ बघत राहिलो. गुंड्या आला, त्याने त्या ठेव्याचा एकदा वास घेतला, सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री करून घेतली आणि उन्हात जाऊन आडवा झाला. तेवढ्यात आई म्हणाली, "त्याच्या शेपटीखाली..." "नको," मी म्हटलं. "भाताचं नाव काढू नकोस."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "येवढ्याशा गोळीसाठी येवढं? उद्या बघते मी."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या एकात एक घातलेल्या पाच पिशव्या घेऊन. तरीही त्या जिन्यात असतानाच गुंड्या दाराशी उभा होता, आणि आई स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत होती. सुका बोंबील! पन्नास लाख पेशींनाही तो कळला. वीस कोटींचं काय झालं असेल ते गुंड्याच्या शेपटीवरून दिसतच होतं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खारवलेला नसेल तर एखादा तुकडा चालेल. मावशींना त्या प्रश्नाचाच अपमान वाटला. "बोंबील उन्हात वाळवतात. त्याला मीठ कशाला?"

आईच्या हुकमावरून कार्यक्रम जिन्याखाली झाला. मावशींनी बोंबलाचे तुकडे केले, एक मधून चिरला आणि त्यात गोळी नुसती टेकवली. लपवण्याचा काही प्रयत्नच नाही. मी हळूच म्हटलं, "मावशी, दिसतेय ती." त्या म्हणाल्या, "दिसू दे की. त्याला काय ठाऊक नाय?"

गुंड्याने बोंबील घेतला. चावला. आणि एप्रिलमध्ये पडली होती तशीच गोळी स्वच्छ होऊन फरशीवर पडली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गुंड्या गोळीकडे बघत होता. मग त्याने मावशींकडे बघितलं. मावशींच्या दुसऱ्या हातात दुसरा तुकडा होता. त्यांनी तो लपवला नव्हता, पुढेही केला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. गुंड्या खाली वाकला, गोळी उचलली, कडाकडा चावली, कडवट तोंड करून गिळली आणि बसून पुढचा पाय वर केला. मावशींनी तुकडा दिला. अर्ध्या गोळीचाही व्यवहार तसाच, रोख.

सहा महिने आम्ही गूळ, तूप, पेढे आणि जबड्याचं शास्त्र वापरून ज्याला फसवत होतो, तो फसवला जावा असा प्रश्नच नव्हता. प्रश्न भावाचा होता. आम्ही बोंबलाचं काम पेढ्यात उरकायला बघत होतो, आणि ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो नुसता मावशींसारखं सरळ बोलणाऱ्या माणसाची वाट बघत थांबला होता.

संध्याकाळी मी हे सगळं आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "त्यात नवल काय? तू तरी नुसतं नाक दाबून कुठे तोंड उघडायचास! दुसऱ्या हातात खडीसाखर दाखवावी लागायची आधी."

मी बघतच राहिलो. पन्नास वर्षं माझ्या आठवणीत फक्त नाक दाबणारा हात होता. खडीसाखरेचा हात मी साफ विसरलो होतो. आणि त्या अर्धवट आठवणीवर कुत्र्याला औषध द्यायला निघालो होतो.

आता पिसवांचं औषध दर महिन्याला लागतं, ते वरून मानेवर सोडायचं असतं, त्यात वाटाघाटी नाहीत. जंताच्या गोळीची पुढची तारीख जानेवारीत आहे. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं तेव्हा आईनेच त्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'गुंड्या, दीड.' बाकी काही लिहिलेलं नाही. कोपऱ्यात मात्र तिने बारीकसं काहीतरी काढलं आहे. ते विड्याचं पान आहे, असं ती म्हणते. त्या पानाला डोळा आहे.